मुंबईतले कोळीवाडे म्हणजे झोपडपट्ट्याच ना? मग एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) घालून टॉवर का बांधत नाहीत?

नाहीत. झोपडपट्टी १९७१ च्या कायद्याखाली जाहीर होते. कोळीवाडा हे गाव आहे. पोर्तुगीज, इंग्रज यायच्या आधीपासून कोळी इथे आहेत, शहर नंतर आलं. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनेही मुंबईतल्या कोळीवाड्यांचे वेगळे नकाशे करायला सांगितलं होतं.

मी वर्सोव्याचा. आमच्याकडे मोजणीवाले आले तेव्हा आई वाळवणावर होती. डोल जाळीतले बोंबील दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून, बांबूच्या दांड्यांवर टांगलेले. कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. कोळणीचा अर्धा संसार त्यावर चालतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा त्याच जागेत होड्या शाकारतात, जाळी शिवतात. मोजणीवाल्याने तिथे उभं राहून कागदावर लिहिलं, 'मोकळी जागा'. आई म्हणाली, "मोकली कशी? मग आमी बोंबील कुठं सुकवाचं?" त्याने ते लिहून घेतलं नाही. घरं तेवढी मोजली.

तुमच्या प्रश्नात नेमकं हेच आहे. आमचं घर तुम्हाला दिसतं, अंगण दिसत नाही. माझा चुलतभाऊही तुमच्यासारखंच बोलतो. वाळवणाच्या त्या वाळूचं भाडं किती येतं, टॉवरमध्ये लिफ्ट मिळेल, म्हणतो. अरे, बाविसाव्या मजल्यावर काकी बोंबील कुठे टांगणार? होडी कुठे ओढणार? फ्लॅट मिळेल आणि धंदा जाईल, मग मेन्टेनन्स कशातून भरायचा?

भांडल्याशिवाय काही मिळत नाही. वरळीत कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या जायला खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. मच्छिमारांनी काम अडवून धरलं, तेव्हा ते १२० झालं.

हेही खरं की भाड्यासाठी मजल्यावर मजले आमच्याच लोकांनी चढवलेत, गल्ल्यांत अँब्युलन्स शिरत नाही, गटारं तुंबतात. दुरुस्ती हवीच, पण जागेवर. आणि शेजारच्या झोपडपट्टीतल्या माणसांनाही घर मिळायला हवं, त्याला माझा विरोध नाही.

ओळखीत कुणी कोळीवाड्यातलं असेल तर सांगा, बिल्डरच्या कागदावर सही करण्याआधी सीमांकनाचा, म्हणजे कोळीवाड्याची हद्द दाखवणारा, नकाशा बघा. बंदर, वाळवण, होड्यांची जागा त्यात नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. चुलतभाऊ म्हणतो, सगळे सही करतायत. त्या सगळ्यांपैकी किती घरांची होडी आज समुद्रात जाते, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.