२०१२ ची बोलेरो पिकअप विकून वापरलेली सी-क्लास घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की शेत मोहोळकडे, घर सोलापुरात, दारात २०१२ ची बोलेरो पिकअप. ती विकून, वर पैसे घालून २०२२ ची डिझेल मर्सिडीज सी-क्लास घ्यावी असं भावाचं म्हणणं आहे, तर काय करावं? माझं उत्तर: पिकअप विकू नका. आमच्या पिकअपमधून मी कांदा मार्केट यार्डात नेतो आणि काकांच्या सी-क्लासमधून त्यांना पुण्याला नेतो, त्यामुळे दोन्ही गाड्या हाताखालच्या आहेत.

रिकामी पिकअप अंग खिळखिळं करते, पण तो वयाचा दोष नाही. मागचे पाटे टनाच्या वर माल पेलायला बसवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते हलत नाहीत, खड्डा थेट पाठीत येतो. पन्नास किलोच्या वीस-पंचवीस पिशव्या भरा, पाटे दबतात, आणि तीच गाडी पाणंदीतून झोकात जाते. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर सी-क्लासचं पोट टेकेल, तिला तिकडे नेऊच नका. शिवाय पिकअपचं काम कुठल्याही गावातला मिस्त्री करून देतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, तेवढा खर्च धरून चाला.

आता सी-क्लास. दोन लिटरचं इंजिन, सी २२० डी मॉडेल असेल तर २०० हॉर्सपॉवर. गाळपाच्या हंगामात टेंभुर्णीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना ती ताकद आणि ते ब्रेक काय चीज आहेत हे कळतं. पण बीएस-६ डिझेलला धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते. सात रस्ता ते नवी पेठ एवढंच फिरणार असाल तर फिल्टर तुंबतो आणि बिल मोठं येतं. पुण्याला नेमाने जाणं असेल तरच डिझेल घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तुळजापूरला, पंढरपूरला घरची माणसं हौद्यात बसवून नेऊ नका. मालवाहू गाडीत मालाचा मालक सोडून इतरांना बसवलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि पैशाचं सोडा, हौद्यात ना पट्टा, ना एअरबॅग, ना डोक्यावर छप्पर. लेकरं, म्हातारी माणसं असतात हो त्यात! घरात गाडी यायला हवी ती एवढ्यासाठी.

त्यासाठी मर्सिडीजच पाहिजे असं नाही. सहा एअरबॅगची साधी नवी गाडी त्याहून पुष्कळ कमी पैशात येते आणि पिकअपही दारात राहते. तरी भाऊ सी-क्लासवरच अडून बसला, तर सौद्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालची बाजू बघा, सर्व्हिसचे सगळे कागद मागा, आणि एका टायरची किंमत आधी विचारून ठेवा.