सरळ निघून कानशिलावर उतरणारी लाथ

प्रश्न : मी बारावीत शिकतो आणि काही वर्षांपासून कराटेच्या वर्गाला जातो. आमच्या वर्गातील ज्येष्ठ विद्यार्थी एक लाथ दाखवतात. ती पोटावर येणाऱ्या माए गेरीसारखी (समोर सरळ मारायच्या लाथेसारखी) निघते आणि ऐनवेळी वळून कानशिलावर बसते. सँडबॅगवर मला ती व्यवस्थित जमते. परंतु कुमितेत, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, समोरच्याला ती दर वेळी आधीच कळते. माझे काय चुकत असावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या लाथेला क्योकुशिन या कराटेच्या शैलीत ‘ब्राझिलियन किक’ आणि मुए थाई या थायलंडच्या युद्धकलेत ‘क्वेश्चन मार्क किक’ म्हणतात. ब्राझीलमध्ये प्रशिक्षक सेइजी इसोबे यांच्या हाताखाली तयार झालेल्या फ्रान्सिस्को फिलियो आणि ग्लाउबे फेतोसा यांच्यामुळे ती जगभर ठाऊक झाली. फिलियो 1999 मध्ये क्योकुशिनची जागतिक खुली स्पर्धा जिंकणारे पहिले बिगरजपानी खेळाडू ठरले, तर फेतोसा 2005 मध्ये के-वन वर्ल्ड ग्रां प्री या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचले. ही लाथ क्योकुशिनमध्ये फोफावली, याला त्या शैलीचे नियमही कारणीभूत आहेत. तेथे चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई आहे, डोक्यावर लाथ मारण्यास मात्र मुभा आहे. त्यामुळे लढणारे एकमेकांच्या अगदी जवळ उभे राहतात, त्यांचे हात छाती-पोटाच्या रक्षणात गुंततात आणि एवढ्या थोड्या अंतरातही वर चढून खाली उतरणाऱ्या लाथेला वाट सापडते.

आता तुमच्या अडचणीकडे वळू. बचाव करणारा तुमच्या पावलाकडे पाहत नसतो, कारण पाऊल सर्वांत शेवटी आणि सर्वांत वेगाने येते. तो तुमचे खांदे, कंबर आणि गुडघा वाचत असतो. माए गेरीत गुडघा सरळ समोर उठतो आणि कंबर प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून राहते, तर मावाशी गेरीत, म्हणजे बाजूने गोल फिरून येणाऱ्या लाथेत, टेकलेल्या पायाची टाच व खांदा आधीच वळू लागतात. तुमची लाथ ओळखू येते, याचा अर्थ बहुधा असा की गुडघा पुरता उठण्यापूर्वीच तुमचे अंग वळू लागते. सँडबॅगला फसवायचे नसल्यामुळे ही खोट तेथे लपून राहते. गुडघा पोटाच्या रोखाने पूर्ण वर येईपर्यंत तुमच्या मनातही माए गेरीच असली पाहिजे. त्यानंतरच टेकलेला पाय चवड्यावर फिरावा, खुबा उलटावा, गुडघा आतल्या बाजूला झुकावा आणि नडगी समोरच्याच्या हातावरून जाऊन पावलाची वरची बाजू कानशिलावर किंवा मानेवर उतरावी.

यात वेळेचा हिशेब फार नाजूक आहे. डोळ्यांना दिसलेल्या अगदी साध्या इशाऱ्यालाही माणसाची हालचाल सुरू होण्यास सुमारे 0.2 सेकंद लागतात आणि अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल तर त्याहून अधिक. शिवाय मेंदू एका इशाऱ्याचे उत्तर ठरवण्यात गुंतलेला असताना दुसरा इशारा आला, तर त्याचे उत्तर मागे पडते. हूल देण्याचा सारा लाभ या उशिरातच आहे. वळण फार लवकर आले तर समोरच्याला दोन्ही हालचाली मिळून एकच दिसतात आणि तो थेट डोके झाकतो. गुडघा हवेत फार वेळ रेंगाळला तर खाली गेलेला हात परत वर येतो.

पण वेळ साधूनही लाथ फसत असेल, तर मी तुम्हाला तुमच्या माए गेरीविषयीच विचारीन, कारण या तंत्राचा प्राण तिच्यात आहे असे माझे ठाम मत आहे. कबड्डीत ज्या चढाईपटूच्या पायाने खरोखर गडी बाद होतात, त्याच्याच हुलीला बचावपटू दचकतात. तुमची सरळ लाथ पोटावर कधी जोरात बसलीच नसेल, तर ती अडवण्यासाठी कोणी हात खाली का न्यावा? म्हणून लढतीच्या आरंभी खऱ्या, वजनदार माए गेरी माराव्यात आणि समोरच्याचा हात त्यांना कसे उत्तर देतो हे पाहावे. हात खाली येऊ लागला की वळणाची वेळ झाली. तो वरच राहिला, तर पोट उघडे आहे, तेव्हा माए गेरीच पूर्ण करावी. ज्याच्यापुढे हे दोन्ही मार्ग अखेरपर्यंत खुले असतात, त्याची लाथ ओळखणे अनुभवी खेळाडूलाही कठीण जाते.

सराव भिंतीला हात टेकवून, अतिशय संथपणे करावा. टेकलेले पाऊल जमिनीला चिकटून राहिले तर सारा पीळ त्या गुडघ्यावर पडतो, म्हणून ते मोकळेपणाने फिरते आहे याची आधी खात्री करून घ्यावी. खुब्याच्या सांध्याची घडण प्रत्येकाची वेगळी असते. काहींना एवढे वळण ताण देऊनही साधत नाही आणि त्यांनी हट्टाने ते ओढून आणू नये. साथीदाराच्या डोक्यावर पूर्ण जोर कधीही लावू नये. हेल्मेटमुळे मेंदूला बसणारा हादरा टळतोच असे नाही. तुमचा वर्ग जागतिक कराटे महासंघाचे नियम पाळत असेल, तर डोक्यावरील नियंत्रित लाथेला 3 गुण मिळतात, परंतु जास्त जोर लागल्यास दंड होतो.

प्रश्न : हीच लाथ समोरून आली तर ती कशी अडवावी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पोटावर येणारी लाथ हाताने खाली दाबण्याची सवय प्रथम सोडावी. पुढचा हात गालाजवळच ठेवून अर्धे पाऊल मागे किंवा तिरके सरकल्यास माए गेरी टळते आणि मावाशी गेरी आलीच तर हात जागेवर असतो. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा उठताक्षणीच पुढे घुसणे हा याहून धाडसी उपाय आहे. अंतर मिटल्यावर खुबा उलटण्यास जागाच उरत नाही आणि एका पायावर उभ्या असलेल्या त्याचा तोल तुमच्या धक्क्याने जाऊ शकतो.