दोघे पायलट, एक साइडस्टिक

प्रश्न : आम्ही दोघे मित्र, एक जुळे सोलापूरला, दुसरा होटगी रोडला. आपापल्या घरून सिम्युलेटर जोडून एकच ए३२० (एअरबसचं प्रवासी विमान) उडवतो. उतरताना दोघांचेही हात जॉयस्टिककडे जातात आणि विमान डोलतं. परवा टेकऑफनंतर चाकं वर घ्यायचीच राहिली. कामं कशी वाटावीत? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॅप्टन कोण, हा वाद आधी बाजूला ठेवा. एका फेरीत एक पायलट फ्लाइंग (विमान उडवणारा), दुसरा पायलट मॉनिटरिंग (आकड्यांवर नजर ठेवणारा); पुढच्या फेरीला अदलाबदल.

खऱ्या ए३२०मध्ये दोन्ही साइडस्टिक (दोन पायलटांच्या बाजूच्या जॉयस्टिक) एकदम हलवल्या तर संकेतांची बेरीज होते आणि ‘ड्युअल इनपुट’ असा इशारा ऐकू येतो. तुमच्या जोडणीत बहुधा दोन संगणक एकमेकांची माहिती खोडत असणार. म्हणून मॉनिटरिंग करणाऱ्याने पिच (नाक वर-खाली), रोल (पंख कलवणं), रडर (नाक डावी-उजवीकडे) आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद) सेटिंगमधून काढूनच टाकावेत. नुसता हात आवरून भागत नाही, ढिली जॉयस्टिक आपोआपही संकेत पाठवते. ताबा देताना-घेताना ‘आय हॅव कंट्रोल’, ‘यू हॅव कंट्रोल’ हे दोघांनी मोठ्याने म्हणायचं आणि मगच ताबा बदलण्याचं बटण दाबायचं.

चाकं राहिली, कारण ती कोणी मागितलीच नाहीत. क्रम असा : मॉनिटरिंग करणारा वेग १०० नॉट (ताशी सागरी मैल) झाला की ‘हंड्रेड नॉट्स’ म्हणतो, फ्लाइंगवाला ‘चेक्ड’. मग ‘व्ही वन’ (आता टेकऑफ थांबवायचं नाही), ‘रोटेट’ (नाक उचल). उंची खरोखर वाढताना दिसली की ‘पॉझिटिव्ह क्लाइम्ब’. त्यावर फ्लाइंगवाला ‘गिअर अप’ म्हणतो आणि लिव्हर मॉनिटरिंगवालाच उचलतो. फ्लॅप्सचंही (पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) तसंच, फक्त लिव्हर हलवण्याआधी वेग बघायचा : उतरताना फ्लॅप्स १ ला कमाल २३० नॉट, २ ला २००, ३ ला १८५, फुलला १७७.

ऑटोपायलट चालू असेल तर वेग, दिशा, उंचीच्या नॉब फ्लाइंगवाला फिरवतो. बंद असेल तर तो सांगतो, दुसरा फिरवतो. एकच स्विच दोघांनी दाबला तर लँडिंग लाइट लागून लगेच विझतो, म्हणून प्रत्येक स्विचला एकच धनी.

मॉनिटरिंग म्हणजे विश्रांती नव्हे. १९७२ मध्ये ईस्टर्न एअर लाइन्सच्या फ्लाइट ४०१ च्या कॉकपिटातले सगळे चाकांच्या एका दिव्यात गुंतले, ऑटोपायलटने उंची सोडल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं. तेव्हा उतरताना मॉनिटरिंगवाल्याची नजर आकड्यांवरच हवी : ठरल्या वेगापेक्षा ५ नॉट कमी किंवा १० जास्त झाला की ‘स्पीड’, मिनिटाला १००० फुटांपेक्षा जोरात खाली येत असाल तर ‘सिंक रेट’, विमान ७ अंशांपेक्षा जास्त कललं तर ‘बँक’. जमिनीपासून १००० फुटांवर वेग, फ्लॅप्स, चाकं जागेवर नसतील तर ‘गो अराउंड’ कोणीही म्हणावं. फ्लाइंगवाल्याने वाद न घालता विमान वर घ्यावं.