आई गेली, आता लगेच मूल हवं: घाई करावी की थांबावं?

“आई गेल्यापासून डोक्यात एकच आहे, लवकर मूल व्हायला हवं. आणि हा म्हणतो, थोडं थांबूया.” तिचं वय 34, आईला जाऊन चार महिने झालेले. नवरा शेजारी गप्प. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काही घरांत पेच नेमका उलटा असतो: आता मूलच नको, पुन्हा कुणाला गमवायची ताकद नाही.

दोघांना वेगवेगळं बसवून, मूल कधी हवं आणि का, यावर दहा-दहा वाक्यं लिहायला दिली. एकत्र बसवलं की एक जण दुसऱ्याच्या मनासारखं लिहितो. मग जी वाक्यं आईशी किंवा तिच्या जाण्याशी जोडलेली आहेत ती वेगळी काढायची. तिची सात निघाली. त्यातलं एक, ‘बाबा पुन्हा हसतील.’ उरलेली तीन निव्वळ मुलाबद्दल होती. म्हणजे इच्छा खरी, घाई मात्र दुःखाची. खरी गोम त्याच्या कागदावर होती. दहाही वाक्यं तिला सावरण्याबद्दल. स्वतःला मूल हवंय का, यावर अवाक्षर नाही!

‘थांबूया’ला तारीख लावली: तीन महिने. या वयात तेवढ्याने फारसं बिघडत नाही. पण पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता वेगाने घटते आणि बिनतारखेचं थांबणं लांबतच जातं. पस्तिशीच्या आत वर्षभर, त्यानंतर 6 महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी. मधल्या काळात रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. ताणामुळे पाळी पुढे जाऊ शकते. तेवढ्यावरून आशा बांधू नये.

आईला अंडाशयाचा कर्करोग होता, हे तिने निघता निघता सांगितलं. खरं तर हे पहिल्यांदा विचारायचं असतं. अशा वेळी गर्भधारणेआधीच जनुकीय सल्ला घ्यावा. बीआरसीए जनुकाच्या दोषाने अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो; आईवडिलांपैकी एकात तो असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते.

बाबांच्या एकटेपणासाठी वेगळा कागद घेतला: आठवड्यात कोण, कोणत्या दिवशी त्यांच्याकडे जाणार. नातवंडावर ते काम सोपवायचं नाही. शिवाय बाळंतपणानंतर आईची उणीव नव्याने जाणवते, म्हणून पहिले सहा आठवडे सोबतीला कोण राहील, हेही दोघांनी आताच ठरवायला घेतलं.