पित्तनलिकेतील खडा : पोट उघडावेच लागेल का?

प्रश्न : माझ्या आईचे वय 68 आहे. चार वर्षांपूर्वी तिचे पित्ताशय काढले. आता कावीळ झाली असून सोनोग्राफीत पित्तनलिकेत 9 मिलिमीटरचा खडा दिसला आहे. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बहुधा नाही. पित्ताशय काढल्यानंतरही एखादा खडा नलिकेत राहून गेलेला असतो किंवा तेथेच नव्याने तयार होतो. त्यात कोणाची हयगय झाली असे लगेच मानू नये. अशा वेळी ‘ईआरसीपी’ हीच सहसा पहिली निवड असते. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेतात, पित्तनलिका जेथे उघडते ते छोटेसे तोंड विजेच्या तारेने किंचित कापून रुंद करतात आणि फुगा किंवा तारेची बारीक जाळी आत सरकवून खडा आतड्यात ओढून घेतात. तो पुढे शौचावाटे निघून जातो. छेद देण्याची ही पद्धत 1974 पासून प्रचलित आहे. एवढ्या आकाराचा खडा बहुतेकदा एकाच वेळी निघतो. 15 मिलिमीटरहून मोठा असल्यास तो लेझरने फोडावा लागू शकतो, अथवा काही आठवडे स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवून पुन्हा प्रयत्न करतात.

मात्र हा उपचार अगदीच निर्धोक नाही. त्यानंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो. म्हणून शंका असल्यास आधी एमआरसीपी (पित्तनलिकेची एमआरआय तपासणी) करून खडा नक्की आहे ना, हे पाहणे मला आवश्यक वाटते. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, ती परस्पर बंद करू नये. थंडी वाजून ताप आला, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.