लोक घरातील वीजबचतीसाठी पैसे कशामुळे खर्च करतात?

फायद्याचा हिशेब इतका उघड असताना बहुतेक कुटुंबे कमी वीज खाणारी उपकरणे घेत नाहीत, मग जी घेतात ती कशामुळे, असा आपला प्रश्न आहे. पुण्यातील आमच्या सोसायटीचा सचिव असताना शेजाऱ्यांना वीजबिल समजावून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. त्यावरून माझे मत असे झाले की बचतीच्या आशेपेक्षा बिलाचा धक्का माणसाला अधिक हलवतो.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपुढील वीज पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट दराने पडते आणि ३०० च्या पुढे ती आणखी महागते. टप्पा ओलांडला की सगळेच युनिट वरच्या दराने लागतात, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात फक्त वरचे युनिट महाग पडतात. पण ही चूक दुरुस्त करण्याची मला कधी फारशी घाई झाली नाही, कारण वाचलेले युनिटही वरूनच, म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्यातूनच वजा होतात. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा ३० च्या आसपास; रोज १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात.

तरीही चालता पंखा कोणी उतरवत नाही. तो जळाला की दुसऱ्याच दिवशी नवा हवा असतो, आणि तेव्हा दुकानदार जे पुढे करील तेच घरी येते.

गावाकडे कारण निराळे असते. माझ्या थोरल्या भावाने बीएलडीसी पंखे घेतले ते बिलासाठी नव्हे, तर लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर पुरावी म्हणून. वरच्या मजल्यावरची मंडळी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावतात, त्यामागेही युनिटपेक्षा दुपारची झोप अधिक असते.

भाड्याच्या घरात मात्र गाडे अडते: पंखा घरमालकाने बसवायचा आणि बिल भाडेकरूने भरायचे, त्यामुळे मालक स्वस्तातला पंखा लावून मोकळा होतो. आमच्या इमारतीतील एका भाडेकरूने स्वतःचे दोन पंखे बसवले, मालकाचे जुने माळ्यावर ठेवले आणि घर सोडताना आपले उतरवून नेले.