मलम कुठून आलं आणि बाम कुणाचा?

प्रश्न: घरात वाद चाललाय. सासरे म्हणतात मलम हा शब्द 'मळणे'वरून आला कारण ते मळून करतात, आणि मुलगी म्हणते उर्दू आहे. कोण बरोबर? आणि बाम तर इंग्रजीच ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मुलगी बरीचशी बरोबर. मूळ शब्द अरबी 'मरहम', तो फारसीतून आपल्याकडे आला आणि येता येता र चा ल झाला, ह गळून गेला. हिंदीत मरहम आणि मलहम दोन्ही अजून चालतात, त्यामुळे मधली पायरी तिकडे सरळ दिसते. आता अरबीत कुठून आला, तर बहुधा ग्रीक 'मालाग्मा', म्हणजे मऊ करणारा लेप. दाताच्या डॉक्टरकडे जुन्या पद्धतीचं चांदीसारखं फिलिंग असायचं, अमाल्गम, तेही याच ग्रीक शब्दाचं असं बरेच कोशकार मानतात. सासऱ्यांना सांगा की अर्थ जवळपास जमलाय हो, फक्त शब्द त्या वाटेने आलेला नाही.

बामची गोष्ट जास्त मजेदार आहे. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याआधी लॅटिन बाल्सामुम, त्याआधी ग्रीक बाल्सामोन, आणि ग्रीकांनी तो हिब्रू-अरबीच्या घराण्यातल्या कुठल्यातरी भाषेतून उचलला, कारण मुळात ते तांबड्या समुद्राच्या आसपास होणाऱ्या एका झाडाच्या सुगंधी चिकाचं नाव. हे झाड कॉमिफोरा जातीचं. आपला गुग्गुळ त्याच जातीचा, आणि बाळंतिणीला देतात तो हिराबोळपण. म्हणजे शब्द परका असला तरी झाडाचे भाऊबंद आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात कधीपासून बसलेत. आजच्या बाटलीत मात्र तो चीक नसतो, मेंथॉल, कापूर, निलगिरी वगैरे असतं, नाव तेवढं उरलंय.

आणि बाम म्हटलं की अमृतांजन आलंच. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी ते १८९३ साली मुंबईत सुरू केलं, पुढे धंदा मद्रासला गेला. मला हे नाव फार आवडतं, कारण अंजन म्हणजे आपल्याला फक्त काजळ आठवतं पण संस्कृतातला अंज् हा धातू मुळात माखणे, चोपडणे असा आहे. दिवाळीतलं अभ्यंग त्यातलंच. लॅटिनमध्ये याच मुळाचं उंग्वेंटुम झालं आणि तेच फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजीत ऑइंटमेंट झालं. तर अभ्यंग आणि ऑइंटमेंट सख्खे नाही पण चुलत भाऊ नक्की. (अंजन म्हटलं म्हणून ते डोळ्याला लावू नका, एवढंच.)

प्रश्न: इंग्रजी 'साल्व' आणि आपलं तूप यांचा संबंध आहे असं कोणीतरी सांगितलं, थाप आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: थाप नाही! संस्कृतात तुपाला 'सर्पिस्' म्हणतात, जर्मनमध्ये मलमाला 'साल्ब', इंग्रजीत साल्व, तिन्हींचं मूळ एक, स्निग्ध पदार्थ. यात नवल कसलं, जुन्या काळी मलम म्हणजे मुळात तूप, चरबी नाहीतर तेल, औषध त्यात नंतर कालवायचं. आयुर्वेदातलं शतधौत घृत तर नुसतं तूपच, तांब्याच्या भांड्यात पाणी घालून शंभर वेळा घोटायचं आणि दर वेळी पाणी ओतून द्यायचं, शेवटी पांढरंशुभ्र क्रीमसारखं होतं आणि अंगाची आग होत असेल तर लावतात. मनगटं भरून येतात म्हणून हल्ली बहुतेक जण विकतच आणतात. हिंदीतलं मक्खनपण असंच, 'म्रक्षण' म्हणजे चोपडणं, आणि आपलं 'माखणे'ही तिथलंच.

प्रश्न: उटणं आणि हिंदी उबटन एकच का?

उत्तर: हो, दोन्ही 'उद्वर्तन'वरून. पण ते चोळायचं चूर्ण, मलम नव्हे.

प्रश्न: मेडिकलवाल्याकडे मलम मागितलं तर तो 'कुठली ट्यूब?' असं विचारतो. मलम हा शब्द गेला का?

उत्तर: औषध म्हणून तो जवळजवळ गेलाच, घरातही आता 'ट्यूब लाव' म्हणतात, म्हणजे वेष्टनानेच मालाचं नाव खाल्लं. मलमपट्टी मात्र जोरात आहे, तीही पेपरात, रस्त्याच्या खड्ड्यांवर आणि सरकारी पॅकेजवर, आणि दर वेळी 'वरवरची' हे विशेषण लावून. बिचाऱ्या मलमाने खरं तर आत मुरायचं असतं.